दाराशी आलेलं टिंब

रविवार, १५ एप्रिल १९७९. अनसिंग

नवी वही, नवी नोकरी, नवी खोली! काल वाशीमला जयंतीच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि आज सकाळच्या एस.टी.नं इथं उतरलो. गाडीत एका बाईनं माझ्या मांडीवर कोंबडी ठेवली आणि उतरताना ती न्यायचीच विसरली. मीच खिडकीतून हाक मारून कोंबडी हवाली केली. शकुनबिकुन मी मानत नाही, पण दिवस असा हसत सुरू झाला की बरं वाटतं.

नोकरी अशी आहे की सांगितली तर लोक मलाच हसतील. खेळ शिकायचा! शिकता शिकता त्याचे धडे मराठीत लिहून काढायचे, म्हणजे कोऱ्या माणसालाही ते वाचून खेळता यावं. नोकरी देणारे जमशेदभाई. त्यांचं गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि गावाबाहेर पिठाची गिरणी. खेळ मात्र त्यांचा नाही. त्यांचे थोरले भाऊ बदरुद्दीन मुंबईत मोठमोठी गणकयंत्रं दुरुस्त करायचे. ते सोडून गावी आले आणि गिरणीमागच्या खोलीत बसून दोन वर्षांत त्यांनी हा खेळ बांधला. गेल्या उन्हाळ्यात त्याच खोलीत हार्टफेल होऊन गेले. आता जूनमध्ये पुण्याहून कोणी साहेब यंत्र पाहायला येणार आहेत, त्याआधी धडे तयार हवेत. "तुमी फक्त शिका आन् लिवा, भिवाजीभाऊ. बाकीचं मी पाहून घेतो," असं जमशेदभाई म्हणाले.

मला खरा आनंद झालाय तो राहायला मिळालेल्या या गिरणीमागच्याच खोलीचा. लग्नाला तीन वर्षं झाली. मी बी.एस्सी. होऊन कुठं कुठं तात्पुरता मास्तर, आणि गंगू माहेरी आसेगावला. लेक तक्षशीला सात महिन्यांची झाली, तिनं बापाला मोजून चार वेळा पाहिलंय. आता ही खोली आहे, पुढं ओसरी आहे, मागं विहीर आहे. दहा मेला, गुरुवारी, दोघी इथं येणार. वैशाखी पौर्णिमेची खीर पहिल्यांदाच आमच्या स्वतःच्या चुलीवर शिजेल. आज झोपेत हसलो तरी पाहायला कोणी नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

यंत्र पाहिलं. एक लाकडी पेटी, तिच्या पोटात तारांचं जंजाळ, आणि वर मुंबईहून आणलेला टी.व्ही.चा डबा. इकडं टी.व्ही.चं काही दिसतच नाही, म्हणून गावात त्याला आंधळा डबा म्हणतात. बटणांच्या जागी जुन्या हार्मोनियमच्या पाच पट्ट्या बसवल्यात. दाबल्या की सूर निघेल असं वाटतं आणि निघत नाही, त्यामुळं पहिला तासभर मी उगाचच चिडत होतो.

काळा पडदा म्हणजे अवकाश. त्यावरचा चौकोन म्हणजे आपलं यान, कुठल्याशा ओसाड ग्रहावर येऊन पडलेलं. एक टिंब म्हणजे आपण. चार पट्ट्यांनी टिंब चार दिशांना चालतं आणि पाचवीनं खणतं, भरतं, यानाचं दार उघडतं. डाव्या कडेला चार रेघा आहेत: हवा, पाणी, ऊब, इंधन. काचेवर तेलरंगानं बदरुद्दीनभाईंनी त्यांच्या खुणा काढून ठेवल्यात. पाऊल टाकलं की रेघा आखडतात. एखादी संपली की पडदा कोरा. मेलात!

गिरणी चालू असली की विजेचा दाब पडतो आणि टिंबं थरथरतात. म्हणून खेळायचं ते गिरणी बंद असते तेव्हा, दुपारी बारा ते तीन. बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि मी आत बसून अवकाशात भटकतो. अशी नोकरी कुणाला मिळते?

गुरुवार, १९ एप्रिल

आज सहा वेळा मेलो. दोनदा हवेनं, तीनदा थंडीनं, आणि एकदा यानाचं दार उघडं ठेवून निघालो म्हणून. गंगूला कळलं तर म्हणेल, घरीबी तसंच करता.

बदरुद्दीनभाईंची वही आहे, पण उर्दूत. ती वाचून दाखवायला त्यांची आई येते, सुगराबी. सत्तरी ओलांडलेली, डोळे अजून सुईसारखे. ती ओसरीवर बसून वाचते, खोलीत पाऊल टाकत नाही. पोरगा गेला त्या खोलीत कशी येईल बिचारी. मी उंबऱ्याशी बसून ऐकतो आणि मराठीत उतरवतो.

मूळ गोष्ट एकच आहे, की आधी परतीचं पाहायचं. हवा अर्धी उरली की जिथं असाल तिथून मागं फिरायचं, मग समोर काहीही चमकत असो. बर्फ सावलीच्या बाजूला सापडतं. ते खणून यानात आणलं की पाण्याची रेघ वाढते, आणि पाण्यातूनच पुढं हवा होते. म्हणजे सगळं शेवटी पाण्यावर येतं. हे काही अवकाशात जाऊन शिकायला नको होतं, आमच्या तालुक्यात जन्मलेल्या पोरालाही ठाऊक आहे.

रविवार, २२ एप्रिल

आज मेलो नाही! पूर्ण तीन तास जगलो. बर्फाचे चार साठे शोधले, यानाची भेग बुजवली, ग्रहाचा निम्मा नकाशा वहीत काढला. सहा धडे लिहून झाले. जमशेदभाईंनी वाचले आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पेन हातातून उडालं.

पण एक सांगतो. त्या काळ्या पडद्यावर आपलं एकटं टिंब चालत असतं ना, त्याची फार दया येते. आजूबाजूला मैलोन्मैल काही नाही. मान वर केली की खोलीच परकी वाटते क्षणभर. आज मी दोनदा आपल्याच टिंबाला 'चल बाबा, थोडंच राहिलं' म्हणालो. शेजारची रामीबाई दारावरून जात होती. पंचावन्नची विधवा बाई, जिभेनं तिखट. तिनं विचारलं, कोनाशी बोलून राह्यले मास्तर? मी म्हणालो, माझ्याशीच.

मंगळवार, २४ एप्रिल

सातवा धडा. सुगराबीनं आज वहीचं शेवटचं पान वाचलं. दाराशी टिंब येईल. त्याला पाणी देऊ नये. "बस, बेटा. इतनाच लिख्या है," म्हणाली, वही मिटली आणि पदर पुढं ओढून निघून गेली.

आणि खरंच आलं. दुपारी साडेबाराला, मी यानात बसून रेघा भरत असताना, पडद्याच्या कडेनं एक फिकट टिंब सरकत आलं आणि चौकोनाच्या दाराशी थांबलं. हललं नाही. त्याच्याजवळ रेघाबिघा काही नव्हत्या. नुसतं थांबून राहिलं.

आता इथं माझं आणि बदरुद्दीनभाईंचं पटत नाही. माझे बाबा तरुणपणी एका शेतावर कडबा रचत होते. तहान लागली म्हणून पाणी मागितलं, तर मालक म्हणाला बैलांचं होऊ दे, मग वरून ओततो. बाबा बांधावर ओंजळ धरून बसले आणि बसल्या जागीच आडवे झाले. वाचले, पण मला त्यांनी लहानपणापासून एकच गोष्ट बजावली. दारी आलेल्याला पाण्यासाठी ताटकळत ठेवायचं नाही, मग तो कोणीही असो. ते ऐकून मोठा झालेला मी एका टिंबाला नाही म्हणू? पाचवी पट्टी दाबली. दार उघडलं. पाण्याची रेघ बोटभर आखडली, टिंब मागं वळलं आणि निघून गेलं. झालं! काय बिघडलं?

माझ्या वहीत सातवा धडा मी माझ्या पद्धतीनं लिहिला: दाराशी कोणी आलं तर आधी पाणी द्यावं, मग चौकशी करावी. पुण्याच्या साहेबांनाही कळू द्या आम्ही कोण ते.

गुरुवार, २६ एप्रिल

काल दोन टिंबं आली. आज चार. सगळ्यांना दिलं. बर्फ भरपूर आहे, माझं काही अडत नाही. उलट एकटेपणा गेला. बारा वाजले की मी त्यांची वाट पाहतो म्हणा ना.

माठाचं काहीतरी झालंय. सकाळी गळ्यापर्यंत भरतो आणि तीनला पाहावं तर निम्म्यावर. गळत नाही, खाली वाळू कोरडी आहे. आणि माठ पाझरत नाही. उन्हाळ्यात माठाचं अंग नेहमी ओलं असतं, याचं भाजलेल्या विटेसारखं कोरडं आहे. नवा आणायला हवा.

शनिवार, २८ एप्रिल

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणतो. पडद्यावर टिंबं दाराशी आली आणि त्याच वेळी माझ्या खोलीचं दार वाजलं. रामीबाई असेल म्हणून उघडलं. ओसरीवर कोणी नाही, अंगणात कोणी नाही. नुसतं बाराचं ऊन. परत येऊन बसलो तर टिंबं निघून गेली होती, पाण्याची रेघ निम्म्यावर आली होती आणि मी पट्टीला हातही लावला नव्हता.

तासाभरानं पुन्हा दार वाजलं. या वेळी रामीबाईच होती, आणि पडदा साफ होता. म्हणजे माणूस आलं तर पडद्यावर काही दिसत नाही, आणि टिंबं दिसली तर बाहेर माणूस नसतं. शास्त्राचा विद्यार्थी म्हणून नोंद करून ठेवतो. तारांत कुठं तरी गडबड असेल, दाराच्या हादऱ्यानं होत असेल.

रामीबाई विहिरीचं विचारायला आली होती. तिच्या दोराला आज दोन हात जास्त दोर जोडावा लागला. "बहात्तरच्या दुस्काळात अर्ध्या गावाले पाजलं या हिरीनं. आता काहून आटून राह्यली, मास्तर?" मी म्हणालो, उन्हाळा आहे. ती म्हणाली, उन्हाळा त दरसालच येते.

सोमवार, ३० एप्रिल

काल बत्तीस. आज चौसष्ट. गणित मला येतं, म्हणूनच आज भीती वाटली. उद्या एकशे अठ्ठावीस होतील, आणि दहा तारखेपर्यंत...

विहिरीत आज कपार दिसली. ती आजवर कुणी पाहिली नव्हती म्हणतात.

भूत, पिशाच्च हे मी मानत नाही. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा आहे. पण माठ भरला की रिकामा होतो, हे मानण्याचा प्रश्न नाही. ते दिसतं.

ठरवलं. उद्या पाणी द्यायचं नाही. यंत्र लावायचंच नाही.

मंगळवार, १ मे

यंत्र लावलं नाही. बारा वाजता दार वाजलं. उघडलं नाही. एक तास वाजत होतं, एकसारखं, न चिडता. मग थांबलं आणि मला तहान लागली.

अशी तहान मी जन्मात पाहिली नव्हती. तांब्यामागून तांब्या प्यालो, पोट टम्म झालं, जीभ मात्र टाळ्याला चिकटलेली. ओठ फुटले. संध्याकाळी कसाबसा जमशेदभाईंच्या घरी गेलो. सुगराबीनं माझं तोंड पाहिलं आणि मटकन खाली बसली.

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. बदरुद्दीननंही आधी दिलं होतं. वहीतला शेवटचा नियम त्यानं नंतर लिहिला. एकदा दिलं की ते त्या माणसाला धरून राहतात. देत गेलं की दुपटीनं येतात. थांबवलं की त्याच्या अंगातून घेतात, आणि त्याच्या छपराखाली जो असेल त्याच्याही. बदरुद्दीनची बायको आणि लेकरू त्या वेळी इथंच होते. त्यानं त्यांना माहेरी धाडलं, खोलीची कडी आतून लावली आणि देणं थांबवलं. चौथ्या दिवशी दार तोडलं तेव्हा उशाशी भरलेला माठ होता आणि तो कणसाच्या सालीसारखा वाळलेला. डॉक्टरांनी हार्टफेल लिहिलं. त्यानंतर वर्षभर काही आलं नाही. "मैं समझी, अब खतम," म्हणाली. मला आधीच का सांगितलं नाही विचारलं, तर रडायला लागली. जमशेदनं सांगू दिलं नाही, तो मानत नाही म्हणाली.

बुधवार, २ मे

सहन झालं नाही. बारा वाजता यंत्र लावलं आणि दिलं. सगळ्यांना. मोजले नाहीत. तहान लगेच गेली. लाज वाटते.

विहिरीला दोर पुरत नाही आता.

सुगराबी म्हणते ते माणसाला धरून राहतात, पण मला वाटतं यंत्राला, या खोलीलाच धरून असतील. उद्या आसेगावला जातो. इथून निघूनच जातो. खड्ड्यात गेली नोकरी.

शुक्रवार, ४ मे. आसेगाव

काल वाटेत तहान लागली, उन्हाची असेल म्हणालो. संध्याकाळी पोहोचलो. गंगूनं दारातच ओळखलं काहीतरी झालंय, पण तक्षशीला माझ्याकडं झेपावली आणि मी सगळं विसरलो. तिला दोन दात आलेत. माझं बोट चावलं. इतकं बरं वाटलं की रडू आलं.

आज बारा वाजता सासूबाईंचा रांजण रिकामा झाला. केशरबाई म्हणजे सासूबाई. सगळ्या घराला ओरडत सुटल्या, कोनं सांडलं पानी? कोणी सांडलं नव्हतं. मी पाहत होतो. रांजणाचं अंग बघता बघता कोरडं पडलं.

दोन वाजता पोर रडायला लागली. गंगू म्हणाली, आज अंगावर दूधच येत नाही, काय झालं कोण जाणे. तक्षशीलाचे ओठ पांढरे. जिभेवर काटे.

ते खोलीला धरून नाहीत. मला धरून आहेत. बसमध्ये माझ्यासोबत होते, आताही इथंच असतील.

गंगूला सांगितलं, मी निघतो, दहा तारखेला येऊ नको, मी लिहीन तेव्हा ये. कारण सांगता येईना. खरं सांगितलं असतं तर ती मला सोडायचीच नाही. ती हिरव्या लुगड्याच्या पदरानं पोरीचं तोंड पुसत होती. "आमी नको असलो त सरळ सांगा ना. तिथं कोनी ठेवली काय तुमी?" मी पिशवी उचलली. तिनं तेच खरं धरलं.

शनिवार, ५ मे. अनसिंग

पहाटेच निघून परत आलो. फाट्यावर एकाला विचारलं, तो आसेगावचा होता, संध्याकाळी परत जाणार होता. त्याच्याजवळ गंगूसाठी चिठ्ठी दिली. येऊ नको, तीनदा लिहिलं. तो देईल ना?

जमशेदभाई सगळ्यांना घेऊन अकोल्याला लग्नाला गेलेत. गिरणीला कुलूप. बरं झालं.

दिलं आज. विचार करायला एक दिवस हवा होता.

रविवार, ६ मे

विहीर संपली. तळाला चिखलसुद्धा नाही. रामीबाई मुलीकडं निघून गेली. जाताना माझ्यासाठी लांबच्या हापशीवरून दोन घागरी आणून माठ भरून गेली. तिखट बाई. मी तिच्या पायाच पडलो, ती घाबरली.

आता गावाच्या विहिरी. मग आणखी पुढं. दुप्पट, दुप्पट. मला गणित येतं.

बदरुद्दीनभाईंनी केलं तेच बरोबर. माझ्यावर संपू दे. मी एकटा, छपराखाली दुसरं कोणी नाही. माझं काय व्हायचं ते होवो, गंगू आणि पोर वाचतील. उद्यापासून थांबवतो. वहीतला सातवा धडा खोडला.

सोमवार, ७ मे

कडी लावली. दिलं नाही. या वेळी दार वाजायचं तासाभरानं थांबलं नाही, थांबतच नाही.

यंत्र लावून ठेवलंय. पाहावंसं वाटतं किती आहेत. चौकोनाभोवती काळं काही उरलंच नाही. पडदा पांढरा.

भरलेला माठ समोर. पिऊन उपयोग नाही, तरी पितो.

मंगळवार, ८ मे

डोळे मिटले तरी तो पांढरा पडदा. ते आत पाहतात त्यातून, असं वाटतं. वरवंटा घातला. काच फुटली, पेटी फोडली, तारा उपसल्या. जमशेदभाई, माफ करा.

दार वाजतंच आहे.

हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते.

बुधवार, ९ मे

उभं राहता येत नाही. भिंतीला धरून माठापर्यंत. माठ तळाला गेला.

लघवी दोन दिवस नाही.

चिठ्ठी पोहोचली असेल. पोहोचली असेलच. उद्या दहा. गंगू रागावली आहे, येणार नाही. रागावलेली असली की ती— रागावली की ती हमखास येते.

गुरुवार, १० मे

बारा वाजले असावेत.

दार वाजलं.

वाजण्याबरोबर गंगूचा आवाज. म्हणते उघडा. पहाटेच्या गाडीनं निघालो, वाशीमला दोन तास गाडी नव्हती, फाट्यावरून चालत आलो. शेजारच्या घराला कुलूप आहे, हिरीत पानी नाई. म्हणते, "पोरीले पानी पाजा आंधी, मंग माह्याशी भांडा."

गंगूच असं बोलते.

पण आसेगावला ते माझ्यासोबत होते. सगळं ऐकलंय त्यांनी. तिचा आवाज, तिचं बोलणं—

फटीतून लुगड्याचा काठ दिसतो. हिरवा. तोही त्यांनी पाहिलाय.

पडदा असता तर कळलं असतं. एका क्षणात कळलं असतं. मीच फोडला. मीच

झरोका उंच आहे. चढायला गेलो, पडलो.

गंगू असेल तर आत घ्यायचं नाही. छपराखाली आली की तिचंही, पोरीचंही— ते असतील तर थेंब द्यायचा नाही. दोन्हीचं उत्तर एकच. उघडायचं नाही. इतकं सोपं आहे.

माठात तांब्याभर आहे.

तक्षशीला रडत नाही. अशा उन्हात सात महिन्यांची पोर रडत का नाही? ते आहेत म्हणून. की घशात रडायलाही—

ओरडलो, पोरीला रडव. चिमटा काढ, काही कर, रडव तिला.

दाराला कान लावला.

मग म्हणाली, "नाई रडून राह्यली जी ते. कवाची नाई रडून राह्यली."

आवाज खाली आलाय. दाराच्या तळाशी. बसली असेल.

परत जा म्हणालो. गावात जा, कुणाकडंही माग.

काठ हलत नाही.

दार वाजायचं थांबलं. चार दिवसांत पहिल्यांदा थांबलं. ते थांबत नाहीत. ते कधी थांबत नाहीत, मग बाहेर

तांब्या भरून घेतला. सांडतोय

गंगू, एकदा बोल. एकदाच. गंगू, मी कडी